मावशीचा आवाज गेला तेव्हा

वेगवेगळ्या समाजांत काम कशाला म्हणतात आणि ते हातातून सुटलं की माणसाची घरात काय जागा उरते, हा माझ्या अभ्यासाचा विषय. परळच्या एका कॉलेजात मी तो शिकवते. त्याच निमित्ताने वरळी कोळीवाड्यातल्या मावशीची ओळख झाली. ती दादरच्या बाजारात मासळी विकायची. पहिल्या भेटीत मी विचारलं, "मावशी, तुमचं काम नेमकं काय?"

कोयत्यावर सुरमई धरून ती म्हणाली, "बोलायचं गो बाय. मासली काय, कोनीपन कापंल."

ते खरंच होतं. पापलेटाचा भाव सांगता सांगता ती गिऱ्हाइकाचे गुडघे, त्याची सून, गणपतीला गावी कोण कोण जाणार, सगळं विचारून घ्यायची. फार घासाघीस करणाऱ्याला असं काही सुनवायची की तो हसत पिशवी पुढे करायचा. मी शेजारी पाटावर बसून ऐकत राहायचे. घरी गेल्यावर आई म्हणायची, "अभ्यास झाला, आता आधी आंघोळ कर."

मग होळीच्या आधी एका सकाळी चहा पिताना मावशी कलंडली. उजवी बाजू लुळी पडली. जीव वाचला, पण वाचा गेली. एकच शब्द उरला, "घे". भूक लागली तरी घे, चिडली तरी घे. मी भेटायला गेले तेव्हा माझा हात धरून ती तेवढंच किती तरी वेळ वेगवेगळ्या सुरांत म्हणत राहिली. तिला काय सांगायचंय ते मला कळलं नाही. मी नुसती मान हलवत राहिले.

बाजारात तिच्या जागेवर तिची सून बसू लागली. मावशी हट्टाने तिच्याबरोबर टॅक्सीतून यायची आणि मागे खुर्चीवर बसायची. एका रविवारी मी तिथे असताना शिवाजी पार्कातले एक जुने गिऱ्हाईक आजोबा आले. सुनेकडे बघून हळहळले, "अरेरे, मावशी गेल्या का? कधी?"

"अहो काका, त्या काय मागे बसल्यात."

आजोबा ओशाळले. "मावशी, ओळखलंच नाही हो," म्हणत त्यांनी हात जोडले. मावशीने तोंड उघडलं, पण तो एक शब्दसुद्धा बाहेर पडला नाही. डाव्या हाताने पदर ओढून तिने तोंडावर घेतला.

दुसऱ्या दिवसापासून ती टॅक्सीत बसेना. सगळा पावसाळा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवायला उठवलं तरी उठायची नाही.

ईशान्येकडे विणकरांच्या गावांत काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, तिच्या ओळखीच्या एका घरात आजीची नजर गेली, तरी सकाळी तिच्या पुढ्यात सूत गुंडाळायला ठेवतात. कुणाला त्याची गरज नसली तरी ठेवतात. मी ते मावशीच्या सुनेला सांगितलं.

ती म्हणाली, "ताई, आजारी माणसाला कामाला लावलं तर वाड्यात काय बोलतील? आईंनी आता आराम करायचा ना?"

तिचंही चूक नव्हतं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला काही करू न देणं हीच माया.

तरी दिवाळीनंतर बांबूंवर बोंबील वाळत घातले, तेव्हा तिने मावशीची खुर्ची तिथे नेली आणि डाव्या हातात काठी दिली. मावशी तो हिवाळा कावळे हाकलत बसली. मांजर आलं की काठी आपटून जोरात ओरडायची. दुपारी आपणहून ताट मागायची. मी गेले की बोंबलांच्या रांगांकडे काठी दाखवायची आणि अर्ध्या तोंडाने हसायची.

थंडी सरता सरता दुसरा झटका आला. त्यातून ती उठली नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर सून मला ओट्यावर घेऊन बसली. "ताई, काठी दिली तेव्हा ह्यांच्याशी भांडण झालं माझं. माझ्या आईला राखणीला बसवतेस, म्हणाले. अजून धड बोलत नाहीत. मी चुकले का हो?"

"नाही," मी म्हटलं. "तू नाही चुकलीस."

ती बराच वेळ रडली. दुसऱ्या दिवशी पहाटे मासळी घ्यायला धक्क्यावर जायचं होतं, म्हणून मग डोळे पुसून टोपल्या धुवायला उठली.