पाण्याबाबत अडचण नाही

त्याला सगळे पाणीमामा म्हणत. खरं तर तो कुणाचाच मामा नव्हता, कारण त्याला बहीणच नव्हती. पण डायलिसिस केंद्रात पाण्याचं काम बघणारा माणूस म्हणून तिथल्या सिस्टरनं पहिल्याच आठवड्यात हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. साठी उलटलेला, अंगानं काटकुळा, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणारा माणूस. चाळीस वर्षं त्यानं घरोघर नळ जोडले. एवढ्या वर्षांत गळका नळ दाखवून "हा तुम्हीच बसवलात ना?" असं त्याला कुणी विचारलं नाही, हा त्याचा एकुलता एक अभिमान. तोही त्यानं कधी बोलून दाखवला नाही.

त्याच्या बायकोची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा डायलिसिस फक्त लांबच्या मोठ्या हॉस्पिटलात मिळे. बसनं चार तास जायचं, चार तास यंत्रावर, चार तास परत. आठवड्यातून दोनदा. असं सात महिने चाललं. येताना ती खिडकीबाहेर ओकायची आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं टाकून पडायची. एका सकाळी डबा भरून झाला, तिकिटाचे सुटे पैसे खिशात टाकून झाले, तरी ती पलंगावरून उठेना. म्हणाली, "अहो, आता पुरे. मला घरीच राहू द्या." घरीच राहण्याचा अर्थ काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. तो कपाटाच्या कडीशी उगाच चाळा करत उभा राहिला. मग त्यानं खाली बसून तिच्या पायांत चपला घातल्या आणि तिला घेऊन निघाला.

त्यानंतर महिन्याभरातच त्यांच्या वस्तीजवळ केंद्र निघालं. तिघांनी मिळून काढलं. जागा एका धर्मादाय ट्रस्टची, यंत्रं एका कंपनीनं दान दिलेली, आणि सिस्टर नि औषधं त्या मोठ्या हॉस्पिटलची. यंत्रं दोन, पेशंट बारा. दारावर तिघांची चिन्हं असलेली पितळी पाटी. नळजोडणी पाणीमामानं फुकट केली आणि पाण्याचं काम बघायला तो तिथंच राहिला. रोज येताना तो ती पाटी रुमालानं पुसायचा. सिस्टर हसायची, "मामा, झिजेल हो ती!"

डायलिसिसला पाणी फार लागतं आणि ते साधं चालत नाही. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेला असतो. तो आधी काढावा लागतो. त्यासाठी मागच्या खोलीत माणसाच्या उंचीची एक टाकी होती, तिच्यात कोळसा भरलेला. हा साधा कोळसा नव्हे, खास तयार केलेला, क्लोरीन शोषून घेणारा. पाणीमामा रोज सकाळी टाकीतून आलेलं पाणी काचेच्या नळीत घ्यायचा, औषधाचे पाच थेंब टाकायचा आणि शंभरापर्यंत आकडे मोजायचा. पाणी पांढरं, म्हणजे बिनरंगी, राहिलं तर ठीक. गुलाबी झालं तर क्लोरीन आहे. पांढरं राहिलं की तो पुढच्या खोलीतल्या फळ्यावर खडूनं बरोबरची खूण करायचा. सिस्टरचा नियम होता, "मामाची खूण नाही, तर माझं यंत्र नाही."

दर तीन महिन्यांनी तिन्ही संस्थांकडून मिळून एक कागद यायचा. जागेबाबत अडचण? यंत्रांबाबत? औषधांबाबत? बाकीचं सिस्टर भरायची. शेवटची ओळ पाण्याची, ती पाणीमामाची. पहिल्या वर्षाअखेर कोळसा थकायला लागलाय हे त्याला कळलं होतं. त्यानं घरी विषय काढला.

"लिहू का? कोळसा बदलायला हवा म्हणून?"

बायको एकदम उठून बसली. "काही लिहू नका. फुकट मिळतंय. आज कोळसा मागाल, उद्या म्हणतील यांच्या मागण्या संपत नाहीत. हात आखडता घेतला तर? मला पुन्हा त्या बसमध्ये बसवाल?"

त्यालाही तसंच वाटत होतं. आपल्यासाठी कुणी एवढं केलं, त्याच्या तोंडावर उणं कसं दाखवायचं? त्यानं टाकीचा कोळसा उलट्या धारेनं धुऊन काढला, हलवला, पुन्हा बसवला. पाणी पांढरं राहिलं. त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं, 'पाण्याबाबत अडचण नाही. आभारी आहोत.' दोन वर्षांत असे आठ कागद गेले.

त्या सोमवारी त्यानं पाच थेंब टाकले. शंभर मोजायची गरजच पडली नाही. विसावर असतानाच नळी गुलाबी झाली.

त्यानं नळी विसळून पुन्हा पाणी घेतलं. पुन्हा तेच. बाहेर येऊन चौकशी केली तेव्हा कळलं की रस्त्याखालची मोठी पाइपलाइन दुरुस्त केली होती आणि त्यानंतर पाण्यात क्लोरीन भरपूर सोडला होता. ताज्या कोळशानं तो गिळला असता. या थकलेल्या कोळशाला झेपेना.  त्यानं मोठा कॉक बंद केला आणि पुढच्या खोलीत जाऊन फळ्यापाशी नुसता उभा राहिला.

बाकावर पहिल्या पाळीचे दोघं बसले होते. एक त्याची बायको आणि दुसरे मास्तर. निवृत्त शिक्षक, सडेफटिंग, म्हाताऱ्या बहिणीकडे राहायचे.

"काय मामा, खडू संपला का?" मास्तर म्हणाले.

"पाणी गुलाबी आलंय."

"अहो, हेच पाणी आम्ही घरी पितो की!"

"पिण्याचं वेगळं, मास्तर. पोट त्याला जिरवतं. इथं ते रक्ताशेजारून जातं. क्लोरीन रक्तात शिरला की रक्तच फुटतं."

सिस्टरनं यंत्रांवर पुन्हा कापड टाकलं आणि बाकीच्या पेशंटांनाही बोलावून सगळ्यांची वजनं घेतली. अंगात पाणी साठलं की वजन वाढतं. कुणाचं किती वाढलंय ते तिनं लिहून घेतलं आणि पाणीमामा फोनला लागला.

ट्रस्टचे साहेब भले माणूस. म्हणाले, "जागेचं काही असू दे, गळती, रंग, उद्या माणूस पाठवतो. पण पाणी म्हणजे यंत्राचंच झालं ना?"

कंपनीच्या बाईही भल्या. "काका, यंत्रं नीट आहेत ना? मग पाणी यंत्रापर्यंत येतं तोवरचं आमच्याकडे नाही. आणि करारात तर असं आहे की पाण्याची अडचण आली तर तिघांनी बसून ठरवायचं. तुम्हीच दर वेळी लिहिता, अडचण नाही. माझ्यासमोर आठही कागद आहेत." मग त्यांना बरं काही बोलावंसं वाटलं असावं. "अक्षर सुंदर आहे हं तुमचं."

मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणाले, "बंद ठेवलंत ते योग्य केलंत. अगदीच गंभीर दोघांना पाठवा, त्याहून जास्त यंत्रं माझ्याकडे रिकामी नाहीत. कोळशासाठी तिघांची बैठक लावतो."

"कधी, साहेब?"

"पुढच्या आठवड्यात नक्की."

सर्वांत जास्त वजन वाढलेले दोघं दुपारच्या बसनं गेले. त्यांच्याखालोखाल मास्तर, मग त्याची बायको. दोन जागा भरल्या आणि यादीवर रेघ पडली.

मंगळवारी सकाळी बायकोच्या पायांत चपला शिरेनात. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून रात्रभर ती भिंतीला टेकून बसली होती. तरी ती त्याच्यामागून केंद्रात आली. मास्तरही येऊन बाकावर बसले होते. त्यांचा चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते, पण जिभेची धार तशीच.

"मामा, जन्मभर परीक्षा घेतल्या मी. काठावरच्या पोराला दोन गुण वाढवून पास करायचो. तुम्ही एक थेंब कमी टाका."

"मास्तर, तुम्ही थट्टा करता."

"थट्टा नाही करत," मास्तर हळूच म्हणाले. "भीती वाटते हो."

बायको नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तो मागच्या खोलीत गेला, कॉक थोडा उघडून काचेच्या पेल्यात पाणी घेतलं आणि त्यानं जे केलं ते कुणीही मुरलेला नळवाला करू शकला असता. क्लोरीन उन्हात उडून जातो. त्यानं पेला खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवला आणि शेजारी उकिडवा बसला. तासाभरानं त्या पाण्यात पाच थेंब टाकले, मोजून पाच. शंभर मोजले. पाणी पांढरं राहिलं.

टाकीतलं मात्र होतं तसंच होतं. नळी हातात धरून तो फळ्यापाशी आला. खडू उचलला. सिस्टर यंत्रावरचं कापड काढायला वळली. तिनं त्याला काही विचारलंच नाही. दोन वर्षांत कधी विचारलं नव्हतं. तिनं विचारलं असतं, तर कदाचित तो खोटं बोलून गेला असता.

"राहू दे, सिस्टर," तो म्हणाला आणि नळी बेसिनमध्ये ओतली.

"अहो..." बायको म्हणाली. एवढंच.

मास्तरांनी मान फिरवली.

तो रस्त्यावर आला तेव्हा कुठं जायचं हेही ठरलं नव्हतं. चालता चालता त्याला सोड्याच्या बाटल्यांचा कारखाना आठवला. तिथले पाइप त्यानंच जोडले होते. तिथंही पाण्याचा वास घालवायला कोळशाची टाकी होती. फाटकापाशी घुटमळून तो दोनदा परत फिरला. तिसऱ्यांदा आत शिरला. फोरमन जुना ओळखीचा निघाला. पाणीमामा त्याच्या बुटांकडे बघत कसंबसं बोलला. फोरमननं ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातल्या न फोडलेल्या गोण्यांकडे बोट दाखवलं.

"किती हव्यात? चार? न्या. मालकांना मी सांगतो."

पाणीमामाला विश्वास बसेना. "नुसतं... न्यायचं?"

"मग काय आरती ओवाळू?" फोरमन करवादला. "मामा, दोन वर्षं तुम्ही एकच कोळसा धुऊन वापरलात? आम्ही दर सहा महिन्यांनी बदलतो, सरबतासाठी! नि तुम्ही रक्तासाठी... तोंड उघडायला काय झालं होतं हो?"

पाणीमामानं वाकून पहिली गोणी उचलली. हातगाडीवरून गोण्या आणल्या, जुना कोळसा उपसला, नवा भरला. काळं पाणी जाऊन स्वच्छ येईपर्यंत टाकी धुवत राहायची असते, त्यात बुधवारची सकाळ उजाडली. त्यानं थेट टाकीखालून नळी भरली. पाच थेंब. शंभर झाले, दोनशे झाले. पाणी पांढरं.

त्यानं फळ्यावर खूण केली. हात काळे होते, खूणही काळपट उमटली.

"पहिले मास्तर," सिस्टर यादी बघत म्हणाली आणि फोन लावला. पलीकडून बहीण बोलत होती. सिस्टर ऐकत राहिली. मग तिनं फोन खाली ठेवला आणि यादीवरून हळूच बोट खाली सरकवलं.

"मामी, तुम्ही या," ती म्हणाली. "पहाटे गेले ते."

बायको मास्तरांच्या खुर्चीत बसली. सुई टोचताना ती नेहमी डोळे मिटायची. त्या दिवशी उघडेच होते.

शनिवारी बायको पुन्हा यंत्रावर होती तेव्हा मास्तरांची बहीण आली. केंद्रानं दिलेली चादर धुऊन, घडी घालून आणली होती. ती पाणीमामासमोर बाकावर बसली.

"मंगळवारी घरी आल्यावर तो म्हणाला, मामाला उगाच पेचात टाकलं मी. म्हणाला, पेपर तपासावा तर असा." तिनं डोळ्यांना पदर लावला. "तुम्ही बरोबर केलंत हो. दुसऱ्यानं बायकोसाठी तरी चालू केलं असतं."

पाणीमामाला ते ऐकवेना. इतकी वर्षं खाली राहिलेली मान त्यानं वर केली.

"ताई, पाणी वाईट होतं ते माझ्यामुळं. कोळसा संपत आलाय हे मला वर्षभर माहीत होतं. मी लिहिलं नाही."

"का?"

"भीती वाटली. केंद्र बंद करतील म्हणून."

बहीण कितीतरी वेळ घडीवरची सुरकुती सारखी करत बसली. "आणि लिहिलं असतं तर? तो असता?"

तो मग म्हणाला, "या आठवड्यात तरी असता."

ती उठली. चादर तिनं त्याच्या हातात दिली नाही, बाकावर ठेवली. दारापाशी थांबून पाटीकडे बघितलं आणि निघून गेली.

त्या तिमाहीचा कागद सिस्टरच्या टेबलावर आलेला होता. पाणीमामानं तो ओढून घेतला. बायको खुर्चीतून बघत होती. तिचं रक्त नळीतून जात होतं, येत होतं.

"अहो, काय लिहिताय?"

"पाण्याचं."

"नका हो लिहू." तिचा आवाज चिरकला. मोकळा हात तिनं पुढं केला, पण तो टेबलापर्यंत पोचेना. "बैठक घेतील, विचारतील, मग बंदच करून टाकतील. बंद केलं तर मी कुठं जाऊ?"

त्याला ते माहीत नव्हतं. बंद करणार नाहीत असं तिला सांगावंसं वाटलं, पण तेही त्याला माहीत नव्हतं. पाण्याच्या ओळीवर त्यानं लिहिलं, 'अडचण आहे.' पुढं जागा उरली नव्हती. त्यानं कागद उलटला आणि मागच्या कोऱ्या बाजूला मास्तरांपासून सुरुवात केली.  अक्षर चांगलं येत नव्हतं.