ईडन प्रेरीत बाबांचा फार्स

लंडनमधला एक इंग्रजी फार्स मराठी होऊन नागपूरला बाबांच्या बँकेच्या नाट्यस्पर्धेत पोचला होता. तिथून दोन हजार सहा साली तो अमेरिकेत, आमच्या ईडन प्रेरी गावाला आला. आणला मीच. आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आले होते. दिवसभर खिडकीत बसून असायचे, मला बघवेना. इथल्या मराठी मंडळाला दिवाळीसाठी नाटक हवंच होतं. म्हटलं, बाबाच बसवतील आणि त्यातल्या नवऱ्याचं कामही तेच करतील.

पाच दारं आणि बायकोपासून लपणारा एक नवरा, एवढंच ते नाटक. तालमी आमच्या बेसमेंटमध्ये, कार्पेटवर टेप लावून दारं आखलेली. बाबा पुन्हा पुन्हा चुकीच्या दारातून जायचे. घरातही एकदा बाथरूम समजून गराजमध्ये गेले होते, ते मी हसण्यावारी नेलं. मंडळातली एक डॉक्टर मैत्रीण म्हणाली, "यार, काकांना एकदा दाखवून घे. आणि रोल दुसऱ्या कुणाला तरी दे." मी तिच्यावरच उखडले. सत्तरीतला माणूस चार गोष्टी विसरणारच की. खरं म्हणजे मला ते ऐकायचंच नव्हतं. एकदा स्टेजवर उभे राहिले की माझे पूर्वीचे बाबा परत येतील, असं मी धरूनच चालले होते.

प्रयोगाला शाळेचं ऑडिटोरियम भरलं होतं. मी विंगेत, हातात स्क्रिप्ट घेऊन प्रॉम्प्टिंगला. दुसऱ्या अंकात बाबा पलंगाखालून निघाले. एक दार उघडलं, परत आले. दुसरं उघडलं, परत आले. तिसऱ्याची मूठ धरून तसेच उभे राहिले. नाटकात असलं काही नव्हतं. लोक पोट धरून हसायला लागले आणि बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एवढे घाबरलेले बाबा मी कधीच पाहिले नव्हते.

माझं बोट त्यांच्याच वाक्यावर होतं. पण हशा चालू असताना प्रॉम्प्ट द्यायचा नाही, वाक्य वाया जातं, हे मला बाबांनीच शिकवलेलं. मी थांबले. हशा काही थांबेना. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला त्यांचा अभिमानही वाटला. शेवटी बायकोचं काम करणारीने त्यांना हाताला धरून आत आणलं.

स्टेजमागच्या वर्गात मी त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग पुसत होते. ते म्हणाले, "मला काही सापडतच नव्हतं गं. मी तुझ्याकडे बघत होतो."

"बाबा, हशा चालू होता."

त्यांनी जरा विचार केला. "मग बरोबर केलंस," म्हणाले.

नव्हतं केलं बरोबर. 'बाबा, इकडे या,' एवढंच म्हणायला हवं होतं मी. नाटक गेलं असतं खड्ड्यात.