दोन्ही घास

मी जर्मनीला निघाले तेव्हा काशीतल्या बालाजी घाटाच्या गल्लीतून माझी बॅग अण्णांनी डोक्यावर घेतली. मी नको म्हणत होते. रिक्षाशी ती उतरवून म्हणाले, "दुसऱ्याच्या घरी पानावर बसायची वेळ आणू नकोस. बाकी तुझी तू हुशार आहेस."

अण्णा, माझे वडील, पोरवयात कोकणातून काशीला वेद शिकायला आले आणि वार लावून जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. मंगळवारच्या घरी भात दुसऱ्यांदा वाढत नसत, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की त्या घरावर माझाच राग बसला. कॉलेज त्यांनी पाहिलं नाही. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही.

जर्मनीतली नोकरी तीन वर्षांत सुटली. परतायला तोंड नव्हतं. घरी सांगितलं, फिरते आहे. फिरत होतेच, पोर्तुगालमधल्या एका शेतावरून दुसऱ्या शेतावर. ऑरगॅनिक शेतं, आणि मी व्हॉलंटियर. शब्द भारदस्त आहे. रोज पाच तास गुडघ्यांवर बसून गाजरांचे वाफे खुरपायचे, कंपोस्ट उलथायचं. बदल्यात खाट आणि जेवण. बरोबरची मुलं सुट्टीवर आलेली, चिखलातही हसायची. मी नुसती दमायची. तिसऱ्या शेतावर, तेरेझाबाईंकडे, एका दुपारी मूठच वळेना. नेमका तेव्हा अण्णांचा व्हिडिओ कॉल आला.

"हाताला काय झालं गं?"

"काही नाही. सकाळभर घास काढत होते."

लहानपणी असं हिंदी निसटलं की ते लगेच टोकायचे, "गवत म्हण. घास तोंडात जातो." त्या दिवशी टोकलं नाही.

"आणि तोंडातला?" एवढंच विचारलं.

"तो त्याच्याच बदल्यात मिळतो, शेतवाल्या बाईंकडे."

"म्हणजे वारच की."

तिकडे आईचा कुकर वाजला. मग अण्णा म्हणाले, "ती बाई भात दुसऱ्यांदा वाढते का?"

"न विचारता वाढते."

"मग आमच्यापासून लपवायचं कशाला? पोटभर जेव."

त्या रात्री मी जेवताना रडले. तेरेझाबाईंना वाटलं, तिखट लागलं.

याला सहा वर्षं झाली. इथेच, पोर्तुगालमध्ये, एका रोपवाटिकेत नोकरी आहे, एक खोली आहे, गुडघे तेवढे कायमचे गेले. काशीहून, आमच्या शेजारच्या ब्रह्मा घाटावरून, तुम्ही ओळखीचे लोक फोनवर विचारता, घर आता कुठलं म्हणायचं? माझ्यासारखे बाहेर पडलेलेही विचारतात. खरं सांगायचं तर उत्तर शोधायचाही आता कंटाळा येतो. मंगळवारी मात्र मी भात जास्त टाकते, कुणी आलंच तर म्हणून. बहुतेकदा कुणी येत नाही. बुधवारी त्याला फोडणी देते आणि मीच दुसऱ्यांदा वाढून घेते.