वीस पाण्यांचं नख

सलाम-नमस्कार व्हायच्या आधीच आपा समोरच्या बाईचा हात आपल्या हातात घ्यायच्या. चष्मा कपाळावर सारायच्या, बाईचा अंगठा खिडकीच्या उजेडाकडे वळवायच्या आणि विचारायच्या, "कितवं पाणी?"

नवीन आलेली बाई गोंधळायची. एकीनं तर सांगितलं होतं, "नको, घरूनच पिऊन आले." मग बाकावर बसलेल्या आम्ही जुन्या बायका तोंडावर ओढणी-पदर घेऊन हसायचो आणि आपा आमच्याकडे डोळे वटारून बघायच्या. या प्रश्नाचा अर्थ कळायला तुम्हाला आमच्या शहरातली ती दुष्काळाची वर्षं ठाऊक हवीत.

धरण तळाला गेलं होतं. नळाला आठ दिवसांनी एकदा पाणी यायचं. आपा शहराला औरंगाबाद म्हणायच्या, मी संभाजीनगर म्हणते. नळ दोघींनाही सारखंच ताटकळत ठेवायचा. वार आणि तारखा आम्ही विसरून गेलो होतो. पाहुण्यांना बोलवायचं ते पाण्याच्या दिवसानंतर, गोधड्या भिजवायच्या त्या पाण्याच्या दिवशी. "तिचं बाळ किती दिवसांचं झालं?" याला शेजारीण उत्तर द्यायची, "तीन पाणी झाली की."

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी आपांचं पार्लर होतं. पार्लर म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. दोन खुर्च्या, एक बाक, एक लांब आरसा, भिंतीवर कॅलेंडर. पण गिऱ्हाईक लांबलांबून यायचं, कारण नकली नखं बसवण्यात आपांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बायपासच्या पलीकडे तेव्हा नवे टॉवर उभे राहत होते, तिथल्या मुली स्कूटीवरून यायच्या. अ‍ॅक्रिलिकची पावडर, तो डोक्यात जाणारा वास आणि घासायच्या मशीनची घरघर गल्लीत दुपारभर चालायची. आपांची स्वतःची दहा नखं म्हणजे दुकानाची जाहिरात. दर आठवड्याला नवा रंग. "पाटीपेक्षा लोक बोटं वाचत्यात," असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या गिऱ्हाइकांत मीही होते. मी नागरी सुविधा केंद्रात लोकांच्या बोटांचे ठसे घ्यायचं काम करते. दिवसभर माझे हात लोकांच्या नजरेसमोर, आणि मला शाळेपासून नखं कुरतडायची खोड. माझी बोटं उंदरानं खाल्ल्यासारखी दिसायची. कुणी अर्जावर सही करायला पेन मागितलं तरी मी ते मूठ वळून पुढे करायची. आपांनी माझ्या बोटांवर पहिल्यांदा गुलाबी नखं बसवली त्या दिवशी मी घरी जाताना रिक्षात हात मांडीवर पसरून बसले होते. नंतर ती नखं काढून ठेवायची माझी हिंमतच होईना. खालची नखं कागदासारखी पातळ झालेली मला माहीत होती, पण झाकलेलं होतं ना, मग कोण बघतंय!

मग तो टँकरचा दिवस आला. टँकर गल्लीत शिरला की भल्याभल्यांचं भान सुटायचं. आपाही बादल्या घेऊन धावल्या. भरलेली बादली उचलताना त्यांच्या उजव्या अंगठ्याचं लांब नख कडीत अडकलं आणि बादलीच्या वजनानं मुळापासून उचकटलं. नुसतं नकली नाही, त्याला चिकटलेलं खरं नखही निघून आलं. आपा ओरडल्या नाहीत. बादली मात्र त्यांनी खाली ठेवली नाही, सांडेल म्हणून. तशाच रक्ताळलेल्या हातानं ती घरापर्यंत नेली आणि मग पायरीवर बसल्या.

डॉक्टरांनी बाकीची नकली नखंही काढायला लावली. खालची सगळी पिवळट, ठिसूळ. बोटांच्या टोकांची कातडीही त्या पावडरनं सोलवटलेली. पुन्हा पावडरला हात लावायचा नाही, अशी ताकीद मिळाली. "नऊ बोटांची येतील," ते म्हणाले, "अंगठ्याचं सांगता येत नाही. मुळाला मार लागलाय. यायचं असेल तर पाच-साडेपाच महिन्यांत येईल."

ऐकायला ही एवढीशी गोष्ट वाटते. पण भुवया कोरायचा धागा बघा कसा धरतात: त्याचं टोक अंगठ्याच्या नखानंच उचलावं लागतं. मेंदीचा कोन दाबायला अंगठा, चिमट्यात न सापडणारा केस धरायला अंगठा. नखाशिवाय तो अंगठा नुसता हुळहुळायचा. नकली नखं बंद, आणि हा अंगठाही गेला, तर आपांच्या हातात कोणतंच काम उरत नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घर त्या दहा बोटांवर चालत होतं.

मी भेटायला गेले तेव्हा त्या बोटं मोजत बसल्या होत्या. "माझा भाऊ खुलताबादला गहू करतो," त्या म्हणाल्या. "गव्हाला पाच पाणी लागतात. पाच पाणी दिली की ओंबी भरणार म्हणजे भरणार. मी आपल्या नळाचा हिशेब लावला. नखाला वीस पाणी लागतील."

"आणि तोवर?"

"तोवर सबर. दुसरं काय हाय आपल्याकडं!"

आठवड्याभरात त्यांनी पेंटरला बोलावलं. भिंतीवर 'येथे नखे लावून मिळतील' असं लिहिलेलं होतं. आपांनी 'लावून' पुसून 'वाढवून' लिहायला सांगितलं. म्हातारा पेंटर ब्रश हातात धरून उभाच राहिला. "आपा, नखं तर फुकटात वाढत्यात. त्याला पार्लर कशाला?"

"फुकटात वाढत्यात म्हणून तर कुणी वाढू देत नाय," आपा म्हणाल्या. "तू लिही."

गल्ली दोन दिवस हसली. तिसऱ्या दिवशी मी जाऊन खुर्चीत बसले आणि म्हटलं, "काढा माझी." का म्हटलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांचे ते उघडे, सोललेले हात गिऱ्हाइकांसमोर बिनदिक्कत वावरताना बघून मला माझ्या वळलेल्या मुठीची लाज वाटली असावी.

नकली नख ओढून काढायचं नसतं, ते भिजवून सोडवायचं असतं. आपांनी माझ्या दहाही बोटांना औषधात भिजवलेला कापूस लावून वर चांदीचा कागद गुंडाळला आणि तासभर हलायचं नाही म्हणून बजावलं. पाचव्या मिनिटाला माझ्या नाकाला खाज सुटली. "आपा, नाक!" त्यांनी कंगव्याच्या टोकानं माझं नाक खाजवलं. "अब क्या बोलू तेरे को," त्या पुटपुटल्या, "लहान लेकराच्या वरताण हायेस."

नखं सुटली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. आपांनी ती बारीक कापली, कडेला गोलाई दिली आणि मुळाशी करडईचं तेल चोळलं, एकेका बोटाला सावकाश. मग पथ्यं सांगितली. भांडी मोजे घालून घासायची. डब्याचं झाकण चमच्यानं उघडायचं. "नख दागिना नाय आन् हत्यारबी नाय. बोटाचं पांघरूण हाय ते." कुरतडायच्या खोडीवर त्यांनी माझ्या दोन्ही अंगठ्यांना भुवयांचा पांढरा धागा बांधला. बोट तोंडाकडे गेलं की धागा ओठाला लागायचा आणि मला आपांचे वटारलेले डोळे दिसायचे. केंद्रात लोक विचारायचे, "ताई, नवस हाय का?" मी हो म्हणायची.

हळूहळू दहा-बारा जणी जमल्या. हात कोमट पाण्यात बुडवायला पाणी हवं, म्हणून पाण्याच्या दिवशीच आमचा नंबर असायचा. आपा नळ आला की कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल करायच्या आणि मग एकेकीचा अंगठा उजेडात धरून, "कितवं पाणी?" आम्ही म्हणायचो चौथं, सहावं. एखादी घायकुतीला आली की आपा म्हणायच्या, "नख हाय ते, भजं नाय. टाकलं अन् फुगलं!" स्वतःचा अंगठा मात्र त्या कुणाला दाखवत नव्हत्या. त्यावर सुती चिंधी असायची.

आपांचं आठवं पाणी झालं आणि त्या वर्षी पाऊस मनासारखा झाला. धरण भरलं. नळाला चार दिवसांनी पाणी यायला लागलं. गल्लीला तर दिवाळी आल्यासारखं झालं. मीही अंगण धुऊन काढलं. आम्ही सगळ्या चार दिवसांनी तेल चोळून घ्यायला जायला लागलो, आणि आपांचा लाल गोल चालूच राहिला.

त्यांचं विसावं पाणी होतं त्या दिवशी मी मुद्दाम पेढे घेऊन गेले. पार्लरचं दार लोटलेलं होतं. आत गेले तर माळ्यावरचा पावडरचा डबा खाली काढलेला, टेबलावर नकली नखांच्या पुड्या मांडलेल्या आणि आपा खुर्चीत बसलेल्या. चिंधी सोडलेली होती. अंगठ्यावर, मुळापासून जेमतेम अर्ध्यापर्यंत, खरबरीत पापुद्रा होता. पुढचा अंगठा तसाच उघडा.

"वीस झाली," आपा म्हणाल्या. "नाय आलं. जेवढं यायचं तेवढंच आलं ते."

"पण आपा, डॉक्टर म्हणाले होते, पावडरला हात..."

"डॉक्टरला काय, त्याची नखं जाग्यावर हायेत. उद्या नवरीची ऑर्डर हाय, मी हो म्हटलं." त्यांनी डबा जवळ ओढला. "तुम्हा सगळ्यांना मी उगाच नादी लावलं बघ, ताई. उद्या सगळ्यांना सांगते, माझा हिशेब खोटा निघाला."

मी पेढे ठेवायला जागा शोधत वळले आणि समोर कॅलेंडर दिसलं. महिना संपायचा होता, तरी चालू पानावर पाच लाल गोल होते. ठशांबरोबर दिवसभर तारखाही टंकायचं माझं काम, माझी नजर तिथंच अडकली. मी मागचं पान उलटलं, तिथं सात. आणखी मागे गेले. तिथं चार. त्याच्या मागच्या पानावरही चारच.

"आपा," मी ओरडलेच, "पाणी बदललं!"

"काय बदललं?"

मी कॅलेंडर खिळ्यावरून काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "गव्हाला पाणी द्यायचं तर कधी, ठरल्या दिवसांनी ना? तुमची पहिली आठ पाणी आठ-आठ दिवसांची. नंतरची बारा नुसती चार-चार दिवसांची. आपा, वीस पाणी झाली खरी, पण चार महिनेसुद्धा झालेले नाहीत. डॉक्टरांनी पाच-साडेपाच सांगितले होते."

आपांनी चष्मा कपाळावर सारला. एकेका गोलावर बोट ठेवत त्या मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. दोनदा मोजलं. इतक्या बायका होतो आम्ही, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, आणि एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. आपांनी कॅलेंडर बाजूला ठेवलं. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले, मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. हसता हसता डोळ्यांतून पाणीही येत होतं.

"या अल्ला! नळ पळाला म्हणून काय नख पळणार हाय व्हय!"

अर्ध्यावर आलेलं ते नख मग त्यांनी माझ्यासमोर उजेडात धरलं. मघाशी तेच नख त्यांना थांबलेलं वाटत होतं. डबा त्यांनी माझ्याकडूनच माळ्यावर ठेवून घेतला, आणि नवरीच्या घरी फोन करून सांगितलं की मेंदीसाठी चांगली बाई बघून देते, नखं मात्र लावणार नाही. पेढा त्यांनी अर्धाच खाल्ला. "बाकीचा नख आल्यावर," म्हणाल्या, आणि उरलेला पुडीत बांधून ठेवला. तो नंतर मुंग्यांनी खाल्ला.

पुढचे दोन महिने मी पाण्याच्या दिवसाची नाही, तर कॅलेंडरच्या चौकोनांची वाट बघितली. एका सकाळी केंद्रात निघाले होते, तर आपांनी खिडकीतून हाक मारली. फरशीवर पांढरा धागा पडला होता. पांढऱ्या फरशीवर पांढरा धागा, दिसणंही मुश्कील. आपा खाली बसल्या, अंगठ्याच्या नखानं त्याचं टोक उचललं आणि माझ्यापुढे धरलं. नख थोडं जाड होतं, एका कडेला किंचित वाकडं. मला इतकं सुंदर नख आजवर दिसलेलं नाही. मी तिथंच उंबऱ्यात रडले आणि त्या दिवशी केंद्रात उशिरा पोचले.

तेव्हापासून आपांचा प्रश्न लांबला. "कितवं पाणी? जुनं का नवं?" जुनं म्हणजे आठ दिवसांचं. नखं जुन्या पाण्यावरच मोजायची, असा नियमच झाला. माझ्या अंगठ्यांचे धागे त्यांनी विसाव्या जुन्या पाण्याला सोडले.

नंतर रस्ता रुंद झाला आणि गल्लीच्या तोंडाची घरं मागे सरकली. आपांची पुढची खोली गेली. त्या खुलताबादला भावाकडे राहायला गेल्या. तिथं पेरूच्या बागेच्या कडेला एक खोली घेऊन त्या मुलींना मेंदी शिकवतात, असं कळतं. आता त्यांच्या खोलीच्या जागेवरून गाड्या जातात. तिथून जाताना मी खिडकीची जागा अंदाजानं बघते, पण नक्की कुठं होती ते आता सांगता येत नाही.

परवा केंद्रात एक मुलगी ठसे द्यायला आली. लांब, चंदेरी नखं. बोट यंत्रावर सपाट टेकेचना. "मॅडम, ही काढायचीत मला," ती हळूच म्हणाली, "पण खाली काहीच उरलेलं नाहीये. लाज वाटते."

मी खुर्चीतून उठले. तिचा अंगठा हातात घेऊन खिडकीच्या उजेडाकडे वळवला, चष्मा कपाळावर सारला. मुळाशी, नकली नखाच्या मागे, खऱ्या नखाची बारीक गुलाबी चंद्रकोर होती.

"येईल की," मी म्हटलं. "वीस पाणी लागतील."

"म्हणजे किती? आमच्याकडे तर एक दिवसाआड येतं."

"ते नाही," मी म्हटलं. "आपांची वीस."