परत येणारा माल

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी रोह्याजवळच्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात ‘वर्कफ्लो’ अवतरला. म्हणजे रजा, खरेदी, गेटपास असे सगळे अर्ज आता कॉम्प्युटरच्या पडद्यावरूनच एका साहेबाकडून दुसऱ्याकडे जाणार. मुंबईच्या तज्ज्ञांनी मला, स्टोअरकीपरला, हाताशी धरलं आणि मी गेटवरच्या वॉचमनमामांना खास नाटकी आवाजात पाठ दिला: “मामा, पडदा हो म्हणाला तरच गेट उघडायचं. समोर मालक उभा असला तरी!”

तज्ज्ञांना फक्त कोकणातला गणपती ठाऊक नव्हता.

रजेवर जाणाऱ्याने आपले अधिकार कुणाला तरी देऊन जायचं, हा सिस्टीमचा नियम. गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी मॅनेजरांनी ते परचेसला दिले, परचेसने अकाउंट्सला, अकाउंट्सने मला, आणि सगळे गावोगाव पसार. मी कारखान्याचा राजा!

मलाही दुपारीच निघायचं होतं. पेणला आमच्या घरी मूर्ती आणायचा मान वडिलांचा. त्या वर्षी त्यांचे गुडघे गेले आणि तो पहिल्यांदा माझ्याकडे आला. हमरापूरच्या मूर्तिकाराकडे मूर्तीसाठी आमचा पाट देऊन ठेवला होता. मूर्ती दिवेलागणीच्या आत घरात आलीच पाहिजे, असं वडिलांनी बजावलं होतं. त्यांना कधी उशीर झाला नव्हता.

मी गेटपासचा अर्ज टाकला. तो साहेबांकडे गेला आणि फिरून माझ्याच पडद्यावर उगवला. मी ऐटीत ‘मंजूर’ दाबलं. पडदा म्हणाला, स्वतःचा अर्ज स्वतःला मंजूर करता येत नाही. पुन्हा टाकला, पुन्हा आला. शेवटी गेट गाठलं.

“मामा, सोडा हो.”

“पडदा काय म्हनतो?”

“पडदा खुळा आहे.”

“आसंल. पन तुमीच बोल्लाव, मालक आला तरी नाय सोडायचा.”

“आता मीच सांगतोय ना!”

“तुमी तर मालक पन नाय.”

गेटच्या गजांपलीकडून पेणची एसटी धूळ उडवत गेली. मी गज धरून तिच्याकडे बघत राहिलो. वडील ओट्यावर येऊन बसले असणार.

आणि सुचलं! माणसाला पास नाही, पण मालाला आहे. तो स्टोअरच्या नावावर निघतो आणि मंजूर करायचा परचेसने, म्हणजे सध्या मीच. धावत जाऊन भरलं: जुना पंप, एक नग, दुरुस्तीसाठी, परत येणार. पडदा क्षणात हो म्हणाला.

“माल कुठाय?” मामांनी विचारलं.

मी दोन्ही हात पसरले. “हा काय!”

मामांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “पंप?”

“जुना आहे.”

“व्हय, दिसताय. चला काट्यावर. वजनाबिगर माल नाय सुटायचा.”

चढलो! मामांनी गंभीर चेहऱ्याने वजन लिहिलं, शिक्का मारला आणि गेट उघडलं.

पुढची एसटी उशिरा मिळाली. हमरापूरहून मूर्ती घेऊन रिक्षाने घरी पोचलो, तेव्हा चांगलंच अंधारलं होतं. शेजारपाजारी दिवे लागले होते. आमचं घर तेवढं काळंकुट्ट. ओट्यावर वडील काठी धरून उभे होते. मी मान खाली घातली.

“वेळेत आलास,” ते म्हणाले. “तुझ्या आईला अजून दिवा लावू दिलेला नाय.”