तिलाच विचार

आमच्या पाळणाघराच्या काकूंची एक खोड होती. मूल दिवसभर काय करत होतं, हे त्या आईबापांना कधी सांगत नसत. "जुई जेवली का?" असं विचारलं की पदराला हात पुसत दारातूनच म्हणायच्या, "तिलाच विचार." विरारमधल्या बाकीच्या पाळणाघरांतून आयांच्या मोबाइलवर रोज दुपारी फोटो यायचे, वरणभात खाताना, झोपताना, बोटं रंगवताना. आमच्या मोबाइलवर काही म्हणजे काही यायचं नाही. आम्ही आया आपसात कुरकुरायचो. पण पोरं काकूंकडून घरी यायलाच रडायची, तेव्हा काढून तरी कुठे नेणार?

काकू आगाशीच्या पुढच्या एका भातशेतीच्या गावच्या. शेतं जाऊन तिथे इमारती उठल्या आणि काकू तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आल्या. तिथेच सात-आठ पोरं सांभाळायच्या. पाण्याला पानी म्हणायच्या. चार वर्षांची जुईही पानी म्हणायला लागली, आणि मी दमूनभागून आलेली असले तरी तेवढं सुधारायला मात्र माझ्या अंगात त्राण असायचं.

ऑफिस सुटून विरारला पोचेपर्यंत साडेसात वाजायचे. मला खरं तर हजेरीपटासारखा अहवाल हवा असायचा. जेवली, झोपली, रडली नाही. ऐकलं की सुटले. एकदा मी कंटाळून म्हटलं, "काकू, सांगा ना पटकन, उभं राहवत नाहीये मला." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"मी सांगितलं, तर घरी जाऊन तिच्याशी काय बोलशील गो? जेव आनि झोप?"

मला झोंबलं, कारण मी तेवढंच बोलत होते.

मग नाइलाजाने मी रिक्षात विचारायला लागले. "आज काय केलंस?" उत्तर ठरलेलं, "काही नाही." आठवडाभर काही नाही. शेवटी काकूंनाच दया आली. "पोलिसावानी काय विचारतेस? आज कोन रडलं, ते विचार," म्हणाल्या. त्या संध्याकाळी विचारलं, तर पाळणाघरापासून घरापर्यंत पोरीचं तोंड मिटलं नाही. कोण रडलं, का रडलं, त्याचा डबा कोणी सांडला आणि काकूंनी सगळ्यांना एकाच ताटात कसं जेवायला घातलं. मी निम्मं ऐकलं असेल, निम्म्यात डोळा लागला. घरी पोचल्यावर जुई स्वयंपाकघरातून ग्लास भरून आणायची, अर्धा वाटेत सांडलेला. हे माझे संस्कार, असं मी शेजारणींना सांगायचे.

एके दिवशी न्यायला गेले, तर जुईच्या हनुवटीला पट्टी. काकू म्हणाल्या, "पडली. डॉक्टरला दाखवलं, टाका नाय लागला. कशी पडली, तिलाच विचार." दिवसभराचा सगळा शीण माझ्या डोक्यात चढला. दोन-तीन पालक उभे होते, त्यांच्या देखत मी ओरडले, "जबाबदारी म्हणून काही असते की नाही? उद्यापासून नाही पाठवणार मी हिला!" काकूंनी खाली बसून जुईच्या सँडलचे पट्टे लावले.

जेवताना मी विचारलं, "कशी पडलीस गं?"

"डब्यावरून. तांदळाच्या."

"डब्यावर कशाला चढलीस?"

"खिडकीतून तुझी रिक्षा बघायला. पण ती दुसऱ्याच आईची होती." मग भाताची शितं गोळा करत म्हणाली, "मी रोज बघते."

माझा घास हातातच राहिला. काकूंनी सांगितलं असतं तर मी डब्यावरून भांडले असते, खिडकीच्या उंचीवरून भांडले असते, जिंकलेही असते. हे पोरीच्या तोंडून आलं, आणि भांडायला कोणी उरलंच नाही. मी रडले. जुईने घाबरून माझ्या ताटातली भाजी खायला सुरुवात केली, म्हणजे मला बरं वाटेल असं तिला वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी खाली मान घालून तिला पोचवायला गेले. "आलीस? बरं झालं," काकू एवढंच म्हणाल्या. खिडकीखाली तांदळाचा डबा नव्हता. तिथे एक बुटकं बाकडं आलं होतं, भिंतीला खिळे मारून पक्कं केलेलं.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि काकूंनी पाळणाघर बंद केलं. जुई आता पंधरा वर्षांची आहे. मी येते तेव्हा तिच्या खोलीचं दार लावलेलं असतं. पाण्याचा ग्लास कधी बंद झाला, ते माझ्या लक्षातही आलं नाही. मी विचारत नाही, ती सांगत नाही. शाळेच्या ग्रुपवर तिचे गुण येतात, गैरहजेरी येते, सगळं येतं. अहवाल आता भरपूर आहे.

गेल्या महिन्यात काकू गेल्या. आम्ही दोघी त्यांच्या घरच्यांना भेटायला गेलो. ते बाकडं अजून खिडकीखाली होतं. जुई त्यावर जाऊन बसली, गुडघे हनुवटीला लागत होते तिचे. आणि मला एकदम वाटलं, माझ्या मुलीच्या पाच वर्षांच्या दुपारी या बाईने पाहिल्या, मी नाही पाहिल्या. आता त्या कोणाला विचारायच्या?

घरी आले आणि पर्स मांडीवर ठेवून दारातल्या खुर्चीतच बसून राहिले. चपलाही काढवेनात. जुई आत गेली. मला वाटलं, आता दार लागेल. ती ग्लास घेऊन आली, काठोकाठ भरलेला, एक थेंब न सांडता.

"रिक्षा दिसली की काकू रोज सांगायच्या," ती म्हणाली. "आई दमून येते. तिला आधी पानी दे, मग सांग."

पानीच म्हणाली. मी सुधारलं नाही. पाणी पिऊन होईपर्यंत ती समोर जमिनीवर बसून राहिली. मग म्हणाली, "विचार ना आता. आज कोण रडलं?"