माझ्या जॅकेटवर तिचं आडनाव

मागच्या महिन्यात एका शनिवारी दुपारी अश्विनी दुकानात आली. मेडशीच्या स्टँडजवळ माझं छोटं शिलाईचं दुकान आहे, आणि अश्विनी म्हणजे आमच्या गावची ज्युदोवाली. सोमवारी तिला परदेशात खेळायला निघायचं होतं... पहिल्यांदाच, देशाकडून.

पिशवीतून तिनं दोन जॅकेटं काढली. एक पांढरं, एक निळं. मॅचला कोणतं घालावं लागेल ते तिथे गेल्यावर कळतं, म्हणून दोन्ही लागतात. सोबत पाठीवर शिवायच्या दोन पट्ट्या... वर तिचं आडनाव, खाली मोठ्या अक्षरांत देशाचं नाव.

"तूच शिवून दे व. दुसऱ्याच्या हाताचा भरोसा नाई मले."

मी हसले. दोन्ही जॅकेटं ठेवून घेतली.

आम्ही दोघींनी शाळेत एकाच दिवशी ज्युदो सुरू केलं. मॅट नव्हती. सरांनी पोत्यांत सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, भरून वर ताडपत्री ताणली होती, त्यावर एकमेकींना आपटायचो. वजन सारखं, उंची सारखी... पाच वर्षं रोज मी तिला पाडलं आणि तिनं मला.

मग निवड चाचणीची फायनल आमच्या दोघींचीच लागली. तिनं मला खाली दाबून धरलं. वीस सेकंदांत सुटता आलं नाही की हरलात, असा नियम. मी हॉलच्या छताचे पत्रे बघत पडले होते आणि ते वीस सेकंद संपले. ती कॅम्पला गेली, मी शिवणक्लासला.

तेव्हापासून जळते मी तिच्यावर. थोडंथोडकं नाही, चांगलं धगधगून. तिचा फोटो पेपरात आला की तो पेपर मी कपाटात अंथरते... उलटा.

तर पांढऱ्यावर पट्टी शिवून झाली. ते तिचं वापरातलं, निळं मात्र नवंच होतं. दुकानात कोणी नव्हतं, म्हणून मी ते घातलं आणि आरशासमोर उभी राहिले. पाठीवर पट्टी धरून मान वळवून बघत होते... आणि लक्ष बाहीकडे गेलं. मनगट उघडं. चांगली तीन बोटं.

मॅचच्या आधी जॅकेट मोजतात. हात समोर ताठ केले की बाही मनगटापर्यंत आलीच पाहिजे, नाहीतर ते जॅकेट बाद. आणि तिचे हात नि माझे हात सारखेच, हे माझ्याइतकं कोणाला माहीत?

लगेच सांगायला हवं होतं. फोन समोरच पडला होता. नाही केला. पट्टीला चारी बाजूंनी दुहेरी टीप मारली, इस्त्री केली, घडी घातली. मला काय करायचंय, असं स्वतःला दहा वेळा सांगितलं.

संध्याकाळी ती न्यायला आली. घालून बघेल असं वाटलं होतं... तिनं घडीसुद्धा मोडली नाही. पट्टीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुनं शिवलं म्हंजे पाह्याचं कामच नाई."

तिथे माझी मान खाली गेली.

"घालून पाह्य," मी म्हटलं.

"काहून?"

"घाल म्हणते ना."

तिनं घातलं, हात समोर केले. मनगटं उघडीच. मग तिला आठवलं... नव्या कापडाची खळ निघावी म्हणून तिच्या मायनं ते कढत पाण्यातून काढलं होतं. मायचं तरी काय चुकलं, आपण सगळेच नवं कापड तसंच काढतो.

अश्विनी स्टुलावर बसली. रडली नाही, नुसती बाही ओढत राहिली. एका दिवसात तसलं जॅकेट मिळणार कुठून?

माझ्या ट्रंकेत एक निळं होतं. त्याच कंपनीचं, स्पर्धेत चालतं तेच लेबल. चाचणीच्या आधी घेतलेलं, आपणच जिंकणार या भरवशावर... एकदाही अंगाला न लावलेलं. ते अजून आहे हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

मोठेपणा वगैरे काही नव्हता हो. मी नाही तर नाही, माझं जॅकेट तरी जाऊ दे, एवढंच मनात आलं. पट्टी उसवली आणि माझ्या जॅकेटवर तिचं आडनाव शिवलं. टीप दोनदा वाकडी गेली.

मॅच दुकानातच मोबाईलवर पाहिली. तिला निळंच आलं. दीड मिनिटात समोरच्या पोरीनं बाही धरली, आत शिरली... आणि अश्विनी पाठीवर. संपलं.

खोटं कशाला बोलू, आधी बरं वाटलं. अगदी क्षणभर. मग ती उठली, जॅकेट सारखं केलं, वाकून नमस्कार केला आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून चालत गेली. पट्टी एका टोकालाही निघाली नव्हती. माझे डोळे भरून आले... कोणासाठी ते विचारू नका.

तासाभरानं तिचा मेसेज आला. "बाही पुरली व. मीच नाई पुरली."

मी लिहिलं, "जॅकेट मायजवळ देऊ नको. इकडं आण."

आणलं तिनं. जाताना म्हणाली, नाव उसवून टाक, तुझंच आहे ते. ती गेल्यावर मी ते थंड पाण्यात धुतलं, सावलीत वाळवलं आणि कात्री घेऊन बसले खरी...

जळते अजूनही. ती माझी जिवाची मैत्रीण आहे आणि मी तिच्यावर जळते, दोन्ही खरं आहे. पण त्या संध्याकाळी तिनं घडी मोडली नाही, त्याचे आभार मानायचे राहिलेत, आणि त्याआधी एक सांगायचं राहिलंय.

अश्विनी, बाही आखूड हाये हे मले दुपारीच दिसलं होतं. तुले आज हे वाचूनच कळून राह्यलं. रागवाचं असन तर रागव... पण जॅकेट न्याले ये. म्या नाव उसवलं नाई.